दहाव्या गोलाची टाकी

आमच्या फुटबॉल संघाचे मालक बॉलमध्ये पूर्ण हवा भरू द्यायचे नाहीत. शिवणीवर ताण येतो, असं त्यांचं म्हणणं. अर्ध्या हवेचा बॉल उसळत नाही, कितीही लाथा घाला, भिजल्या उशीसारखा पुढ्यातच लोळतो, हे आम्ही पहिल्या वर्षी त्यांना सांगून पाहिलं.

"मग जोरात मारा," ते म्हणाले. "जोर काय विकत आणायचाय?"

त्यामुळे सरावात आमचे पाय लोखंडाचे झाले. सामन्यात पूर्ण हवेचा बॉल समोर आला की पहिली दहा मिनिटं आमचा प्रत्येक फटका गोलपोस्टावरून थेट रस्त्यावर जायचा. समोरचा संघ हसायचा. शेठ मात्र उठून आधी बॉल मिळाला की नाही ते बघून यायचे. बॉल आयोजकांचा असला तरी.

शेठ ही पदवी त्यांना कुणी दिलेली नव्हती. जव्हारला बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन होतं, त्याच्या पाटीवर त्यांनी नावापुढे ते स्वतः रंगवून घेतलं होतं. बांबू, कनाती, खुर्च्या, भोंगे, जेवणाची मोठमोठी पातेली आणि एक ट्रक, एवढा पसारा. जव्हारपासून मोखाडा-खोडाळ्यापर्यंत लग्न कुणाचंही असो, सावली शेठची. अंगात पांढरा शर्ट असायचा आणि खिशाला पेनाचं नुसतं टोपण. पेन ठेवलं की लोक मागतात, आणि मागून नेलेलं पेन परत येत नाही. टोपण कुणी मागत नाही.

असल्या माणसाने फुटबॉलचा संघ का घेतला, हे बरेच जण विचारतात. जिल्ह्यात पगारी संघांची लीग निघाली तेव्हा किनाऱ्याकडचे संघ भराभर तयार झाले. डोंगराकडचा एकही नव्हता. डोंगराकडून जो संघ उतरवेल त्याला पहिली तीन वर्षं प्रवेश फी माफ, असं आयोजकांनी जाहीर केलं. 'माफ' हा शब्द ऐकला आणि शेठचा जीव फुटबॉलवर जडला. त्यातून आमच्या बाजूला जेवढे सामने होणार त्यांचा मंडप आणि भोंगा शेठकडेच आला. तेव्हा संघ हा त्यांच्या दृष्टीने मंडपाचा जोडधंदा होता.

मी त्या वेळी जव्हारला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचो आणि संध्याकाळी मैदानावर गोलकीपर असायचो. खेळाडूंशी करायचा करार शेठनी माझ्याचकडून टाइप करून घेतला. मजकूर दोन पानांचा होता. अक्षर इतकं बारीक करायला लावलं की तो एका पानावर मावला. मग पान पाठपोट करायला लावलं, म्हणजे एका कागदात दोन खेळाडू बसतात. माझ्या कराराच्या पाठीवर आमच्या डाव्या बॅकचा करार होता. दोघांपैकी एकाला सोडायचं झालं तर काय करणार, असं मी विचारलं.

"मध्ये कापू," शेठ म्हणाले, आणि मग विचार करून, "नाही, पातळ होईल. दोघांनाही ठेवू."

त्या करारात एक ओळ होती: 'खेळाडू मालकाने सांगितलेली इतर कामेही करील.' मीच टाइप केलेली ओळ, आणि मीच सही केली. इतर कामं म्हणजे काय, ते तुळशीचं लग्न उरकल्यावर कळलं. लग्नाचा हंगाम आणि फुटबॉलचा हंगाम एकच. सकाळी बांबू उतरवायचे, खड्डे खणायचे, कनाती ताणायच्या, दुपारी तिथेच पंगतीला बसायचं. संघाच्या जेवणाचा खर्च त्यांनी असा वाचवला होता. महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी किनाऱ्याकडच्या संघांना म्हणे अंडी आणि केळी मिळायची. आम्ही बुंदी आणि बटाट्याची भाजी खाऊन उतरायचो. कुठल्या लग्नात काय जेवण आहे त्यावर आमचा वेग ठरायचा. जिलेबीच्या दिवशी आम्ही हमखास हरायचो.

कोच त्यांनी ठेवला नाही. "मोबाईलवर फुकट दिसतं सगळं," म्हणाले आणि स्वतःच कोच झाले. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्यांना कधी कळलं नाही. पण रेफ्रीने ऑफसाइड दिला की ते मान डोलवायचे, कारण तेवढा वेळ खेळ थांबतो आणि बॉल झिजत नाही. जर्सीही त्यांनी अकराच शिवल्या होत्या. बदली खेळाडू आत जायचा तेव्हा बाहेर येणाऱ्याच्या अंगावरची ओली जर्सी काढून घालायचा. एकदा रेफ्रीने आक्षेप घेतला, की आत गेला तो सात नंबर आणि बाहेर आला तोही सात नंबर, कोण कुठे गेला मी वहीत काय लिहू. शेठ शांतपणे म्हणाले, "नंबर तोच आहे ना? मग संघ पूर्ण आहे."

आमच्या अंगाला कायम दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा वास यायचा. पुढे संघ सुटल्यावर मी लग्न केलं तेव्हा हे ऐकून बायको म्हणाली, आता तुम्हाला एकाच माणसाचा वास येतो, हे बरं आहे.

हे सगळं आम्ही हसत सहन केलं, कारण खेळायला दुसरी जागा नव्हती. मात्र तिसऱ्या वर्षी जे झालं त्यात हसण्यासारखं कमी होतं. ते सोमाचं.

सोमा आमचा फॉरवर्ड. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात घरची नागली, पुढे मजुरी. आधी काही वर्षं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा, तिथे संध्याकाळी बिहारी मजुरांबरोबर खेळून खेळून तयार झालेला. बोलणं फार कमी. धावायला लागला की मात्र बघणाऱ्याला दम लागायचा.

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला जव्हारच्या मैदानावर नारळ फोडायचा कार्यक्रम होता. मंडप शेठचा, माइक शेठचा, आणि पुढच्या रांगेत चार पुढारी. असं सगळं जुळलं की शेठना भाषण यायचं. बोलता बोलता त्यांनी सोमाला स्टेजवर ओढलं.

"हा आमचा वाघ," ते म्हणाले. "सोमा, या वर्षी दहा गोल मार. मागशील ते देईन. सगळ्यांसमोर बोलतोय."

आदल्या वर्षी सोमाने तीन गोल मारले होते, म्हणून आकडा दहा. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं हा मोटारसायकल मागणार. शेठनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी हसत माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

सोमाने आधी माइक थोडा लांब ढकलला. मग म्हणाला, "टाकी पायजे. आमच्या वरल्या झऱ्यापासून पाड्यापर्यंत पाइप आन् पाड्यावर टाकी. उन्हाळ्यात बाया लई लांब जातात."

 पुढारी चपलांकडे बघू लागले, कारण ही टाकी त्यांनीही कधी ना कधी देऊ केलेली होती. शेठनी क्षणभर डोळे मिटले, बहुतेक पाइपची लांबी मोजली, मग दहा या आकड्यावर भरवसा ठेवून म्हणाले, "दिली."

त्यानंतर सोमाने जे सुरू केलं ते मी गोलमध्ये उभा राहून पाहिलं, म्हणून सांगतो. पहिल्या सामन्यात दोन. दुसऱ्यात एक. तो काही वेगळं खेळत नव्हता, फक्त जिथे पूर्वी पास द्यायचा तिथे आता मारायचा. आम्हीही शहाणे झालो, बॉल आला की त्याच्याकडे सरकवायचो. चार गोल होईपर्यंत शेठ खूश होते. पाचव्याला त्यांनी टाळ्या दोनच वाजवल्या. सहावा झाला तेव्हा मध्यंतरात सोमाला बाजूला घेऊन म्हणाले, "स्वार्थी खेळू नको. दुसऱ्यांनाही संधी दे. फुटबॉल हा सांघिक खेळ आहे."

तीन वर्षांत त्यांनी सांगितलेली खेळातली ही पहिली बरोबर गोष्ट.

बातमी एव्हाना पाड्यावर पोचली होती. इथल्या सामन्यांना सोमाची आई आणि तिच्याबरोबर दहा-बारा बाया जीप करून येऊ लागल्या. घराघरातून पैसे काढून जीप ठरवायच्या. मैदानाच्या कडेला उकिडव्या बसायच्या. फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणी जिंकलं, कुणी हरलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सोमाने गोल मारला की सोमाची आई एक चिंचोका कमरेच्या पिशवीत टाकायची.

मी एकदा तिला विचारलं, "मावशी, खेळ कळतो का?"

"खेळ नाय कळत," ती म्हणाली. "मना चिंचोकं कळतात."

आठवा गोल झाला त्या दिवशी शेठनी जे केलं ते कुठल्याही संघाच्या मालकाने केलं नसेल. सोमाने दोघांना चकवून बॉल जाळीत घातला. रेफ्रीने शिट्टी वाजवली. आणि आमचे मालक धावत रेषेपाशी गेले, हात वर करून. "ऑफसाइड होता. मी पाहिलंय. तो पुढे होता."

रेफ्री गोंधळला. "अहो, तुमचाच संघ आहे."

"असू दे. न्याय म्हणजे न्याय."

रेफ्रीने गोल दिला. समोरच्या संघाच्या मालकाने येऊन शेठशी हात मिळवला. असा खिलाडू माणूस आपण पाहिला नाही, म्हणाला. शेठनी तो सन्मानही स्वीकारला.

नववा गोल शेवटून दुसऱ्या सामन्यात झाला. आता एकच सामना राहिला, तोही जव्हारला. सोमाला न खेळवणं हा साधा उपाय होता. पण शेठची अडचण त्यांनीच करून ठेवली होती. नोंदणीची फी माणशी लागायची, म्हणून त्यांनी बाराच खेळाडू नोंदवले होते. त्यातला बारावा आठवडाभर तापाने अंथरुणावर होता. सोमाला बसवलं तर संघ दहाचा, आणि दहाने उतरलो तर लीगचा दंड. शेठ सकाळपासून गोडाऊनमध्ये येरझाऱ्या घालत होते. सामन्याआधी आम्हाला गोळा करून त्यांनी फळ्यावर नाही, कारण फळा नव्हता, ट्रकच्या धुळीवर बोटाने जागा काढून दाखवल्या.

"आज एक प्रयोग," ते म्हणाले. "सोमा गोलकीपर." मग माझ्याकडे बघून, "आणि तू फॉरवर्ड."

मी आयुष्यात समोरच्या गोलपर्यंत कधी चालतही गेलो नव्हतो. मी म्हटलं, "शेठ, हरू आपण."

"हरणं-जिंकणं खेळात चालायचंच."

 गोलकीपरची जर्सी एकच आणि हातमोज्यांची जोडी एकच. दोन्ही मी उतरवून सोमाला दिल्या.  मैदानाच्या कडेला त्या दिवशी बारा नव्हे, तीसेक बाया होत्या. दोन जीप भरून सगळा पाडाच आला होता. सोमा गोलमध्ये जाऊन उभा राहिला तेव्हा त्यांना वाटलं, आज तिकडून मारायचं असेल.

पहिला अर्धा भाग कसा गेला ते विचारू नका. मी पुढे नुसता उभा होतो. बॉल माझ्याकडे आला की मी सवयीने हात पुढे करायचो, आणि रेफ्री शिट्टी मारायचा. सोमाने मात्र मागे तीन बॉल असे अडवले की मी तीन वर्षांत तसा एकही अडवला नव्हता. हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

दुसऱ्या भागात, शून्य-शून्य असताना, आमच्या डाव्या बॅकने एक लांब बॉल मारला. तो टप्पा खाऊन नेमका माझ्या पायाशी आला, समोर गोल. मी गडबडलो, बॉलवर पाय द्यायच्या ऐवजी बॉलच्या पुढे गेलो, आणि मागून येणाऱ्या त्यांच्या बॅकने मला उडवलं. मी तोंडावर पडलो. शिट्टी वाजली. पेनल्टी. मी फुटबॉलमध्ये केलेली ही सगळ्यात मोठी कामगिरी, आणि ती पडण्याची आहे.

आमच्यातला एकही जण बॉलजवळ गेला नाही. सगळे वळून मागे बघत राहिले. मैदानाच्या त्या टोकाकडून सोमा चालत निघाला, मग धावायला लागला.

शेठ रेषेवर आले. "गोलकीपरला मारता येत नाही."

"येतं," रेफ्री म्हणाला.

"मोजे घालून?"

"मोजे घालूनही."

"मी मालक आहे. मी सांगतो कोण मारणार."

रेफ्री तोच होता, आठव्या गोलाचा. त्याने शेठकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "रेषेच्या मागे व्हा, नाहीतर बाहेर काढीन."

सोमाने बॉल ठेवला. मोजे काढले नाहीत. दोन पावलं मागे गेला आणि मारला. पूर्ण हवेचा बॉल होता, पण या वेळी वर गेला नाही. जाळी फुगली. त्याने मागे वळून पाहिलंही नाही, आपला गोल उघडा आहे म्हणून तसाच पळत परत गेला.  सोमाची आई पिशवीत हात घालून चिंचोके चाचपत होती.

सामना आम्ही त्या एका गोलावर जिंकलो. संपल्यावर सोमा शेठसमोर जाऊन उभा राहिला. त्याला मागायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

शेठ म्हणाले, "चांगला खेळलास. पण मी बोललो होतो फॉरवर्डला. हा गोल गोलकीपरने मारलाय. तो यात धरता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

 मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात सोमानेच शांतपणे विचारलं, "शेठ, उद्याचा मंडप कुठंय?"

"मोखाड्याला," शेठ खूश होऊन म्हणाले. त्यांना वाटलं, विषय संपला.

मोखाड्याला एका कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न होतं. शेठच्या हंगामातलं सगळ्यात मोठं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकरा जण ट्रकमधून गेलो, बांबू उतरवले, कनाती उतरवल्या, आणि त्यांच्यावर बसलो. ऊन चढत होतं. आचाऱ्यांनी चुली पेटवल्या. आम्ही बसून राहिलो.

शेठ आले. "काय रे? हात का थांबलेत?"

"आमी फुटबॉलवाले," सोमा म्हणाला. "मंडप बांधाया आमी कोण?"

"करार वाचा. इतर कामे. सही आहे प्रत्येकाची."

तेव्हा मी उठलो. करार मी टाइप केलेला होता, ओळ न् ओळ पाठ होती. सामने संपल्यावर एका दिवसाचंही मानधन जाऊ नये म्हणून शेठनी आवर्जून घालायला लावलेलं शेवटचं कलम मी त्यांना तोंडी म्हणून दाखवलं: 'हा करार शेवटच्या सामन्याच्या दिवशी आपोआप संपेल.'

"शेठ," मी म्हटलं, "शेवटचा सामना काल झाला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं पेन नेलंय. मग एकेकाला बाजूला घेऊन समजावलं. डाव्या बॅकला पुढच्या वर्षी नवी जर्सी देऊ केली. मला म्हणाले, तू शिकलेला आहेस, तू यांच्या नादी लागू नकोस. कुणी उठलं नाही. कंत्राटदार दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. वऱ्हाड वाड्याहून निघालंय, म्हणाला, आणि माझी पोरगी काय उन्हात उभी करायची?

शेठ सोमासमोर येऊन उभे राहिले. 

"टाकी देतो," ते म्हणाले.

"आन् पाइप."

"आणि पाइप."

"यांच्यासमोर बोला," सोमाने कंत्राटदाराकडे हात केला.

कंत्राटदाराला काहीच माहीत नव्हतं, पण तो म्हणाला, "अहो द्या काय ते, मी साक्षीदार." शेठ बोलले. आम्ही उठलो. एवढा झटपट मंडप आम्ही त्याआधी कधी बांधला नव्हता आणि पुन्हा बांधलाही नाही, कारण त्या दिवशी आम्ही शेठचं काम सोडलं. पुढच्या वर्षी प्रवेश फी भरण्याऐवजी शेठनीही संघ सोडला.

टाकी मात्र आली. शिमग्याच्या आधी, त्यांच्याच ट्रकने. काळी, हजार लिटरची, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात पाटीवरच्यासारखंच शेठचं पूर्ण नाव, दोन हात रुंद. पाइप त्यांनी खाली रस्त्यावर उभं राहून नजरेने मोजला होता. झऱ्यापासून अंथरत आणला तर तो पाड्याच्या अलीकडेच संपला. सोमा म्हणाला, कमी पडला. शेठ म्हणाले, पाइप कमी नाही पडला, पाडा लांब आहे. शेवटी पाइप संपला तिथेच, एका कातळावर, टाकी बसवली. पाड्यापासून दहा मिनिटांची चाल. आधी तासाची होती. शेठनी नारळ फोडला आणि दोन्ही वाट्या रुमालात बांधून घरी नेल्या.

सोमा आता वसईकडच्या एका संघात खेळतो. तिथे त्याला स्वतःची जर्सी आहे. मी जव्हारला स्वतःचं झेरॉक्सचं दुकान टाकलंय. शेठ अजून दिसतात, खिशाला टोपण लावून. मी नमस्कार करतो, ते मान हलवतात, तेवढी त्यांनाही परवडते.

या चैत्रात सोमा सुट्टीवर आला होता, म्हणून मी त्याच्या पाड्यावर गेलो. त्याची आई दारातून हंडा घेऊन निघाली होती. कुठे निघालात, विचारलं, तर म्हणाली, "शेठकडं."

मी चमकलो. जव्हारला? या उन्हात?

सोमा हसायला लागला. टाकीवर नाव एवढं मोठं, की पाड्यावर टाकीलाच शेठ म्हणतात. शेठकडं जाऊन येते, शेठ भरला का, शेठवर पोरं चढवू नका. आम्ही तिच्याबरोबर कातळापर्यंत गेलो. तिथे तीन-चार बाया आधीच होत्या. नळाची चावी घट्ट झाली होती, दोघी मिळून ती फिरवत होत्या. धार बारीक येत होती.

मी म्हटलं, "मावशी, पाणी कमी झालं वाटतं."

तिने टाकीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली.

"पोटात हाय त्याच्या," ती म्हणाली. "पन पिळल्याबिगर देत नाय."